वाऱ्यावर चालणारं हत्यार

आमच्या मालकांचं नाव सोपान. आमच्याकडं म्हाताऱ्या बायका अजून नवऱ्याचं नाव तोंडातनं काढत न्हाईत. म्या काढते, पर राग आला की. एरवी नुसतं 'हे'. आन् ह्या माणसाचा राग यायला काही मोठं कारण लागत न्हाई बघा, कारण हे कधी जाग्यावर नसतातच. अंगानं असतात, मनानं न्हाई. भाटघर धरणाच्या पाण्याकडं बघत उभे ऱ्हायले तर समोरनं ST निघून जाती. कंडक्टर हाक मारतो आन् हे पाण्याकडं बघूनच मान डोलावतात. लगीन झालं तवा मला वाटलं, बाई गं, ह्यांना कमी ऐकू येतंय. तसं काही न्हाई. तंद्री लागती, दुसरं काय.

कामथडीला हायवेच्या सर्व्हिस रोडला आमचं पत्र्याचं शेड हाय. गेट, ग्रील, जिन्याचे कठडे, समदं करतो. करतो म्हंजे वेल्डिंग आन् घासकाम ह्यांचं. पाईप धरणं, रंग मारणं आन् फोनवर गिऱ्हाइकाशी भांडणं माज्याकडं. स्टीलचं काम आलं की ह्यांचा जीव रमतो. दोन पाईप जोडले की तिथं वेल्डिंगचा वळ उठतो. तो ग्राइंडरनं घासत घासत बारीक करायचा, आन् मंग डोळे मिटून त्याच्यावरनं बोट फिरवायचं. डोळे उघडे ठेवून ह्यांनी कधी जोड तपासला न्हाई. म्हणायचे, "लोक कठड्याकडं बघत न्हाईत, धरतात." बोट फिरवताना चेहरा असा व्हायचा, जसं लांब कुठंतरी कुणी गातंय आन् ह्यांना तेवढंच ऐकायचंय. तवा म्या हाक मारत न्हाई. मारून उपयोग बी न्हाई.

औंदा विहाराच्या पायऱ्यांचा कठडा आमच्याकडं आला. ह्यांच्या आत्या, गीताबाई, तिकडं भाटघरच्या अंगाला ऱ्हातात. गुडघ्यांनी दगा दिल्यापास्नं त्यांना पायऱ्या चढवत न्हाईत. वस्तीतल्या समद्यांच्या मागं लागून त्यांनीच हा कठडा करायला लावला. "बुद्ध पौर्णिमेला म्या माज्या पायानं वर जाणार," असं म्हणायच्या. कठडा बसला त्या दिवशी पहिला हात त्यांचाच. धरून चढत गेल्या, आन् मधीच थांबल्या. तळहातातनं रक्त येत होतं.

त्यांनी पदराला पुसलं. "आरं, नवं हाय, लागायचंच," म्हणून हसल्या बी. हे हसले न्हाईत. त्या जोडापाशी गेले, डोळे मिटले, बोट फिरवलं. परत फिरवलं. काही लागंना. म्या कंटाळून पुढं झाले, बोट टेकवलं, तर लगीच स्टीलचं कुसळ टोचलं. म्हणलं, "अवो, हितं हाय की." ह्यांनी माज्याकडं बघितलं, मंग स्वतःच्या बोटाकडं.

मंग एकेक उमगत गेलं. शर्टाची बटणं मला लावायला सांगायचे, ते काही लाडानं न्हाई. चहाचा कप दोन्ही हातांनी धरायचे, ते थंडीनं न्हाई. नसरापूरच्या डॉक्टरांनी बोटांना सुई टोचून बघितली, आन् हे खिडकीतनं बाहेर चिंचेकडं बघत बसलेले. सुई लागतच नव्हती. इतकी वर्षं ग्राइंडरची थरथर खाऊन नसा बधिर झाल्यात, म्हणाले डॉक्टर. आता थरथरणारं हत्यार हातात धरायचं न्हाई. "बोटं परत येतील का?" म्या विचारलं. "आहे ते टिकवा," म्हणाले. ते मला आवडलं न्हाई, म्हणून म्या ते ऐकलंच न्हाई असं केलं.

कठडा काढून शेडात आणून ठेवला. पौर्णिमा जवळ येत चाललेली. एक एक जोड परत घासायला पायजे, आन् घासणार कोण? म्या म्हणलं, दुसऱ्या कुणाला द्या. "देतो," म्हणायचे, आन् स्टुलावर बसून कठड्याकडं बघत ऱ्हायचे. गीताबाईंचा फोन आला की मलाच बोलायला लावायचे. आमचं घर ह्यांच्या ह्या कामावर उभं हाय, पर मला त्याची भीती नव्हती. जोडावरनं बोट फिरवणारा तो चेहरा परत दिसायचा न्हाई, ह्याची भीती वाटत होती.

एक दिवस जेवताना एकदम बोलायला लागले. वरव्याला एका कारखान्यात गेट बसवायला गेले तवा तिथं एक हत्यार बघितलं होतं. वीतभर लांब तोंड, त्याच्यावर बोटाएवढा खरखरीत बेल्ट पळतो. बेल्ट सँडर म्हणतात. वायरच न्हाई त्याला, नळीतनं वारा येतो आन् वाऱ्यावर चालतं. ग्राइंडरचा हिसका न्हाई. दोन पाईपांच्या बेचक्यात, जिथं ग्राइंडर शिरत न्हाई, तिथं बी जातं. मूठ तापत न्हाई, उलट गार पडती. भाकरीचा तुकडा हातात तसाच. "वारा लोखंड घासतो, वनिता," म्हणाले. म्या म्हणलं, आधी जेवा. पर आतनं मला लई बरं वाटलं. हिसका न्हाई म्हंजे हात वाचला, असं म्या धरून चालले. रंग मारायचा कंप्रेसर घरचाच होता, वाऱ्याची सोय झालेली.

मंग पुण्याला निघालो. ST मधी हे खिडकीशी आन् म्या ह्यांच्या खांद्याला. खेड शिवापूरच्या पुढं माजा डोळा लागला. सपनात विहाराचा कठडा धरून म्या खाली उतरत होते. पायऱ्या सरतच नव्हत्या, खाली भाटघरचं पाणी, आन् कठडा सरळ पाण्यात गेलेला. पाण्याच्या आतनं कुणीतरी त्याच्यावरनं बोट फिरवत होतं, आन् ते मला वरपतूर कळत होतं. कात्रजच्या बोगद्यात जागी झाले. हे माज्याकडं बघत होते, पाण्याकडं बघतात तसं. म्हणलं, काय बघताय? तर म्हणाले, "काय न्हाई, तुजा हात बघत हुतो."

दुकान मानसिंगशेठचं. समोर हत्यारं टांगलेली, मागच्या खोलीत कंप्रेसर, आन् घासून बघायला पाईपाचे तुकडे ठेवलेले. शेठनं पहिलं विचारलं, "तुमच्या कंप्रेसरची टाकी केवढी आहे?" ह्यांनी हातानं दाखवली. "मग रुंद बेल्टचा घेऊ नका. तो वारा फार पितो. जरा घासलं की टाकी दमणार, बेल्ट मंदावणार, आणि तुम्ही टाकी भरायची वाट बघत बसणार." तरी ह्यांनी रुंदवाला मागितलाच. चालू केला, तुकड्यावर टेकवला. ठिणग्या उडाल्या आन् ह्यांचा चेहरा उजळला. म्हणलं झालं, ह्यांना मिळालं. तर हातातनं खाली ठेवून दिला. "बारीक बेल्टचा दाखवा."

बारीक आला. त्याची चालू करायची खिट्टी दाबायला जड. शिवाय वापरलेला वारा मागं फेकायचा, सरळ चालवणाऱ्याच्या तोंडावर. तो बी ठेवला. अजून एक आला, तर त्याची मूठच दोन बोटांत धरून बघायला लागले, खिट्टी करंगळीनं दाबून बघायला लागले. स्वतःचा पंजा सुपाएवढा, आन् मूठ बारीक हाय का ते तपासतायत. शेठला विचारतायत, वजन आणखी कमी असलेलं हाय का. तासभर उभं राहून माजे पाय भरून आलेले. म्हणलं, "सोपान, घ्यायचंय का घरला जायचंय?" शेठनं मान वळवून पावती-पुस्तक उघडलं.

ह्यांनी पुढचं हत्यार घेतलं. हलकं होतं, त्याचं तोंड पायजे तिकडं फिरवता यायचं, आन् वारा सोडायचं भोक बी वळवून बाजूला करता यायचं. ह्यांनी समदं बघितलं आन् ते माज्यापुढं धरलं.

"धर."

"म्या कशाला?"

"मुठीत बसतंय का बघ. खिट्टी दाबून बघ."

म्या धरलं. बसलं मुठीत. दाबली तर लोण्यागत दाबली गेली. "बसतंय. पर चालवणार तुमी."

"म्या न्हाई," म्हणाले.

तळपायाची आग मस्तकात गेली माज्या. मानसिंगशेठ असू दे न्हाईतर कुणी असू दे, तिथंच बोलले. "डॉक्टरांनी थरथरणारं तेवढंच नगं म्हणलंय ना? हिसका न्हाई म्हणालात ना तुमी?" तर म्हणाले, "थरथर ह्याला बी हाय. कमी हाय, तुला चालंल, माज्या हाताला आता कमी बी नगं. आन् चालवून तरी काय? जोड झाला का न्हाई, मला कळत न्हाई, वनिता. त्या दिवशी तुला कळलं." स्वतःबद्दल एवढं ह्यांनी कधी बोललेलं मला आठवत न्हाई. मला रडू आलं, ते म्या पदरात घेतलं न्हाई, येऊ दिलं. मंग नाक पुसून म्हणलं, "हेच द्या." शेठनं वाऱ्यातलं पाणी गाळायची बाटली बरोबर दिली. रोज तेलाचे दोन थेंब घालत जा म्हणाले, ते मला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी शेडात कंप्रेसर भरला. चष्मा, हातमोजे, कानाला बोळे, तोंडाला मास्क, हे समदं ह्यांनी मला बांधलं. बटणं लावता येत न्हाईत, पर मास्कचं रबर लावलं. म्या खिट्टी दाबली. बारीक शीळ निघाली आन् बेल्ट पळाला. पहिल्यांदा दाबून धरला तर खड्डा पडाया लागला. हे पल्याडनं ओरडले, "दाबू नगं. नुसता हात ठेव, जाऊ दे त्याला." मंग म्या दाब सोडून दिला. वळ उतरत गेला. मूठ गार पडत चालली, हायवेचा आवाज कुठं गेला कळलं न्हाई, पाईपावर शेडाचं दार दिसाया लागलं, दारातलं आभाळ दिसाया लागलं. ह्यांनी खांद्याला हात लावला तवा भानावर आले. दोनदा हाक मारली म्हणे. आता ऐका, मला म्हणतात हाक ऐकू येत न्हाई.

"झाला," म्हणलं. हातमोजा काढला, डोळे मिटले, बोट फिरवलं. जरा पोळलं, पर कुठं काय टोचलं न्हाई. "बघा तुमी."

ह्यांनी सवयीनं बोट पुढं केलं. पाईपाजवळ नेलं आन् मागं घेतलं. मंग हे तोंड जवळ नेत वाकले. म्हणलं, "थांबा, गरम हाय," आन् ओल्या फडक्यानं जोड पुसला, निवू दिला. ह्यांनी डोळे मिटले आन् त्या जोडावर आपला गाल ठेवला. हळूहळू गाल फिरवला, खालच्या अंगाला नेला. तोच चेहरा होता.

"हितं ऱ्हायलंय," म्हणाले. "खालनं."

म्या नखानं चाचपलं. व्हय, होतं, केसाएवढं. माज्या बोटाला लागलं नव्हतं.

"सरका," म्हणलं, आन् खिट्टी दाबली.