पुन्हा एकदा सॅक्सोफोन

एरंडवण्यातल्या एका छोट्या सभागृहात त्या संध्याकाळी एक तरुणी एकटीच सॅक्सोफोन वाजवत होती. सगळ्या रचना खास या कार्यक्रमासाठी लिहून घेतलेल्या, कोणीच आधी न ऐकलेल्या. शेवटच्या रचनेत सूर कमी आणि फुंकरच जास्त. मधूनच ती नुसत्या कळा टकटक वाजवी. लोक एकेक करून उठू लागले. मीही पिशवी उचलली, तेव्हा शेजारचे आजोबा पुटपुटले, "बसा हो. पूर्ण ऐकल्याशिवाय नावं कशी ठेवणार?"

मी बसलो. त्यांनी कानटोपी कानांवरून वर सरकवली होती आणि ओठांचा चंबू करून तेही तिच्याबरोबर फुंकत होते.

रचना संपली. टाळ्या वाजवाव्यात की नाही, कोणालाच कळेना. तरुणीचा चेहरा उतरला. आजोबा ताडकन उभे राहिले, कडकडून टाळ्या वाजवत म्हणाले, "हीच पुन्हा एकदा होऊन जाऊ द्या!"

ती खुदकन हसली. दाराशी पोचलेले लोकही मागच्या खुर्च्यांवर टेकले. या खेपेला तिने मोकळेपणाने वाजवलं आणि मलाही त्या फुंकरीत लय सापडली.

बाहेर मी विचारलं, "आपल्याला फार आवडलं वाटतं?"

"छे! पहिल्यांदा काही कळलंच नाही," स्कूटरला किक मारत ते म्हणाले. "म्हणून तर पुन्हा वाजवायला लावलं."