चालू माईकवरची गुप्त यादी

आता काय सांगू तुम्हाले! माणसानं निष्काळजीपणा केला अन् फसला, तर समजू शकते. मी काळजी करता करता फसलो. ते बी इतका, का सौंसरच्या बाजारातली भाजीवाली अजूनही मले पाहून पदर तोंडाले लावते.

मी शाळेत गणित शिकवतो. कळंबे सर म्हणतात मले. मागच्या हिवाळ्यात आमच्या शाळेचा वार्षिकोत्सव होता. पालकांची मागणी आली, का कार्यक्रम मोबाईलवर लाईव्ह दाखवा. कोणाचा बाप नागपूरले नोकरीले, कोणाची आजी पांढुर्ण्याले पाय मोडून पडलेली. मागणी काही चुकीची नव्हती. प्राचार्य मॅडमनं स्टाफची मीटिंग घेतली. सगळे म्हणाले, हाव, करू.

मी उभा झालो.

"मॅडम, लाईव्ह म्हणजे पोरायचे चेहरे, नावं, सगळं उघड्यावर. कोण पाहून राहिला, कोण मोबाईलवर उतरवून घेऊन राहिला, आपल्याले पत्ता लागत नाही. ज्या मायबापाले नको असन, त्यायचं लेकरू दिसलं नाही पाहिजे."

"एकदम बरोबर," मॅडम म्हणाल्या. "मग हे काम तुम्हीच पाहा."

पाहा म्हणजे काय! मी छाती फुगवून बसलो. पण खरं सांगतो, हे मी नुसतं शहाणपण दाखवाले बोललो नव्हतो. माझ्या डोक्यात एक पोरगी होती. पूर्वा, पाचवीतली.

जूनमध्ये तिची आई रंजनाताई तिचं नाव टाकाले आली होती. फॉर्म भरून झाला तरी खुर्चीवरून उठेना. वर्गात कोणी नाही असं पाहून हळूच म्हणाली, "सर, पोरीचा फोटो कुठी टाकू नका. मी नवऱ्याचं घर सोडून आली. हात उचलत होता. एकदा पोरीले शाळेतून परस्पर उचलून न्यायले आला होता. आता आम्ही रामाकोन्याले भावापाशी राहतो, हे त्याले माहीत नाही. तुम्हालेच सांगून राहिली, दुसऱ्या कोणाले नाही."

मी म्हटलं, "ताई, माझ्या पोटातून बाहेर जाणार नाही."

आता पुढचं ऐका.

मी झटून कामाले लागलो. लिंक फक्त पालकांच्या ग्रुपवर. स्टेजवर पोरायचं पूर्ण नाव घ्यायचं नाही. ज्यायच्या घरच्यायनं नाही म्हटलं, ते लेकरं नाचात मागच्या रांगेत उजवीकडं. अशा नऊ जणांची यादी मी डायरीत लिहिली, नावापुढं कारणासकट. गणिताच्या मास्तरले कारणाशिवाय उत्तर लिहवत नाही ना!

कॅमेऱ्यावर होता दिनेश. पांढुर्ण्याचा, लग्नाच्या शूटिंगवाला. चांगला माणूस, पण हात लग्नाले बसलेला. कोणी दिसलं का लगेच चेहऱ्यावर झूम! म्हणून मी ठरवलं, आपण याच्या बाजूलेच खुर्ची टाकून बसायचं.

सकाळी अकराले कार्यक्रम सुरू झाला. घरी बसून पाहणाऱ्यायचं स्वागत मीच केलं. त्यासाठी दिनेशनं माझ्या कॉलरले एक बारका माईक लावून दिला होता. त्याचा आवाज मंडपात जात नव्हता, सीधा लाईव्हवर जात होता. मी मस्त चार वाक्यं बोललो. "आपल्या लेकरांची ओळख सुरक्षित ठेवणं ही आमची जबाबदारी आहे," असंही बोललो. मग खुर्चीवर येऊन बसलो.

माईक? माईक कॉलरलेच होता. चालू.

पहिला नाच सुरू झाला अन् दिनेशनं झूम केलं. मी त्याच्या कानाशी तोंड नेलं.

"अरे, त्या लाल फ्रॉकवालीले घेऊ नको. तिच्या आजीले वाटते नजर लागते."

"बरं सर."

"अन् पालकात तो निळा शर्ट पाहिला? त्याच्याकडं कॅमेरा फिरवू नको. त्यानं ऑफिसात ताप आहे म्हणून सांगितलं."

आता त्या निळ्या शर्टाच्या साहेबाची नात आमच्याच शाळेत. साहेब ऑफिसात बसून नातीचा नाच पाहून राहिले होते. पण हे मले तवा कुठं माहीत!

दिनेशच्या मोबाईलवर लोकायचे मेसेज येऊन राहिले होते. माझा चष्मा खिशात. डोळे बारीक करून पाहिलं तर जागोजागी एकच, 'सर आवाज', 'सर आवाज', 'अहो सर आवाज!!'

"दिनेश, लोकाइले आवाज कमी पडून राहिला वाटते. वाढव."

त्यानं वाढवला. हेडफोन बिचाऱ्याच्या गळ्यात होता, कानात नाही.

तेवढ्यात माझा फोन थरथरला. बायको. कापला. पुन्हा आला. पुन्हा कापला. "घरून आहे," मी दिनेशले म्हटलं. "कोथिंबीर आणा म्हणत असन. या बाईले कुठी काय चालू आहे, काही समजत नाही."

कोणाले समजत नव्हतं, ते सारं सौंसर ऐकून राहिलं होतं!

मग पाचवीचा नाच आला. पोट्ट्या पिवळे लुगडे नेसून आल्या. मी सावध झालो. आवाज आणखी हळू केला, अन् माईक होता त्याच बाजूले मान वाकवली.

"हे नीट ऐक. मागं उजवीकडून दुसरी. पूर्वा. तिच्यावर चुकूनही कॅमेरा नको. तिची माय नवऱ्याले सोडून रामाकोन्याले भावाच्या घरी लपून राहून राहिली. त्याले पत्ता लागला तर पोरीले उचलून नेईन. समजलं?"

"समजलं सर."

मंडपाच्या कडेनं शाळेतल्या शांताबाई धावत आल्या. हातात मोबाईल, चप्पल एकाच पायात.

"सर, बंद करा! गळ्यातलं बंद करा! तुमच्या घरच्या मॅडमनं मले फोन केला. तुमचं सारं बोलणं घरोघरी ऐकू येऊन राहिलं!"

मी कॉलरकडं पाहिलं. हिरवा दिवा.

"आँ? हे मघापासून चालू आहे?" मी म्हटलं.

हेही लाईव्ह गेलं.

दिनेशनं सगळं बंद केलं. लाईव्ह काढून टाकलं. मंडपात कोणाले काही माहीत नाही. पोट्ट्या नाचून राहिल्या, लोक टाळ्या वाजवून राहिले. तिसऱ्या रांगेत रंजनाताई बसलेली. तिच्यापाशी साधा बटनवाला फोन. ती पोरीकडं पाहून हसून राहिली होती.

मनात आलं, सांगायचंच नाही. काढून तर टाकलं. कोणी लक्ष दिलं नसन. तुमच्या मनात नसतं आलं का?  पण तिले माहीत नसलं, तर ती सावध कशी होईन?

गेलो. तिच्या बाजूच्या खुर्चीवर बसलो अन् सांगितलं. जसंच्या तसं.

 तिचं हसू गेलं. मी म्हटलं, "ताई, चला, पोरीले घेऊन मॅडमच्या खोलीत बसू."

"नाच होऊ द्या," ती म्हणाली. "महिनाभर तयारी केली तिनं."

तो नाच चार मिनिटांचा असन. मले वाटलं, संपतच नाही. ती टाळीवर टाळी देत होती, पण नजर मंडपाच्या दरवाज्यावर.

त्याच दुपारी मॅडम, रंजनाताई अन् मी पोलीस ठाण्यात जाऊन आवेदन देऊन आलो. पूर्वाले लोधीखेड्याले मावशीकडं पाठवलं. मॅडमनं ग्रुपवर साऱ्या पालकाइले हात जोडून लिहिलं, का कोणापाशी उतरवलेलं असन तर पुसून टाका. ठाण्यातून निघताना मी रंजनाताईची माफी मागितली. काय काय बोललो, मलेच आठवत नाही.

ती म्हणाली, "सर, तुम्ही वाईट माणूस नाही. पण एक सांगा. 'त्या पोरीवर कॅमेरा नको', इतकं म्हटलं असतं, तर दिनेशभाऊनं ऐकलं नसतं का?"

ऐकलं असतं. लगेच ऐकलं असतं. त्याले कारण पाहिजेच नव्हतं. कारण मलेच सांगायचं होतं. आपल्याले किती माहीत आहे, आपण किती जपून राहिलो, हे कोणाले तरी दाखवल्याशिवाय राहवत नव्हतं. माईक बंद असता तरी तिची गोष्ट मी दिनेशले सांगून बसलोच होतो. हे मले रात्रभर टोचलं.

 घरी जेवताना ताटात बायकोनं फक्त कोथिंबिरीची जुडी आणून ठेवली.

पुढचे पंधरा दिवस मी रोज शाळेच्या फाटकावर उभा राहिलो. पूर्वा तवा लोधीखेड्याले, पण अनोळखी गाडी थांबली का मी जाऊन आत पाहून येत होतो. निळ्या शर्टवाल्यानं एकदा तिथंच गाठलं. "सर, माझ्या तापाचं सर्टिफिकेट तुम्हीच द्या आता!" 

मग एक दिवस रंजनाताई स्वतः आली. पूर्वाले घेऊन.

"नणदेचा फोन आला होता," ती म्हणाली. "माझा नंबर कुठून तरी मिळवला तिनं."

मी विचारलं, "म्हणजे कळलं तिकडं?"

"तिच्या जावेची बहीण सौंसरले आहे. तिनं उतरवून पाठवलं होतं. नणदेनं ऐकलं. मले म्हणे, 'वहिनी, भावाले मी सांगितलं नाही, सांगणारही नाही. जिनं पाठवलं, तिच्याकडूनही समोर बसून पुसून घेतलं. पोरीले शिकव.'"

सांगा आता! नवऱ्याची सख्खी बहीण, तिनं गोष्ट पोटात ठेवली. अन् ज्याच्या भरवशावर ती ठेवली होती, तो मी.

यंदा आमच्याकडं लाईव्ह नाही. दिनेश शूटिंग करते, मॅडम पूर्ण पाहतात, मगच पालकाइले देतात. त्यासाठी पालकांकडून एक फॉर्म भरून घेतो. फॉर्म मीच बनवला. तीन रकाने. फोटो चालेल का? व्हिडिओ चालेल का? नाही, तर कारण.

मॅडमनं फॉर्म पाहिला. हसल्या फक्त. काऊन हसल्या, ते मले रंजनाताईचा फॉर्म हातात आला तवा समजलं.

फोटो: नाही.

व्हिडिओ: नाही.

कारण: कळंबे सर.