इरकलीच्या दोन पट्ट्या

दुपारचं जेवून मी आडवी होते तेव्हा एक गोष्ट डोक्यात पक्की आहे. यंदाच्या हंगामात आमच्या उंबरेश्वर तालमीचा डिफेन्स कुणाच्या बापाला फुटत नाही.

हे मी दर वर्षी म्हणते, असं शेजारीपाजारी सांगतील. सांगू देत. मागच्या वर्षीही म्हटलं होतं आणि चिंचबाग तालमीनं सेमीफायनलला आमच्या जाळ्यात पाच गोल घातले, हेही सांगतील. तेही खरं आहे. पण मागच्या वर्षी गोलकीपरचं बोट मोडलेलं होतं आणि डाव्या बॅकचं लग्न ठरत होतं. लग्न ठरत असलेल्या माणसाच्या पाठीमागून हत्ती गेला तरी त्याला कळत नाही. यंदा बोट जुळलंय आणि लग्नही होऊन गेलंय. आता अडचण कसली?

अडचण एकच आहे, आणि ती माझ्या कपाटात घडी घालून ठेवलेली आहे.

कोल्हापुरात फुटबॉल पेठेपेठेचा. ज्या पेठेत जन्मलात त्या पेठेच्या तालमीचे तुम्ही. बाईमाणूस असाल तर लग्न होऊन ज्या पेठेत पडाल तिथल्या तालमीच्या. माझे मालक, हिंदुराव, उंबरेश्वरचे स्टॉपर होते, डिफेन्सच्या अगदी मधोमध. उद्यमनगरात लेथवर काम करायचे आणि हंगामात पाच नंबरची जर्सी घालून गोलच्या पुढं उभे राहायचे. पुढं खेळ सुटला, पोरांना शिकवायला लागले. दोन वर्षांपूर्वी गेले. शोकसभेत तालमीनं ठरवलं, पाच नंबर आता कुणी घालायचा नाही. मान म्हणून ठरवलं आणि मलाही ते बरं वाटलं.

तेव्हापासून आमचा स्टॉपर पंचवीस नंबर घालतो, आणि मधूनच गोल होतात.

आता केरबा भावजी संध्याकाळी घरी यायचेत. ते तालमीचे सेक्रेटरी. उद्या नवीन जर्सींची पूजा आहे, आणि आमच्यात रीत अशी की नंबर ज्याचा होता त्यानंच तो पुढच्या गड्याच्या हातात द्यायचा. तो नसेल तर घरच्यांनी. यंदा एक नवा स्टॉपर आलाय, हर्षल नावाचा. त्याला पाच नंबर द्यावा असं केरबा भावजींच्या मनात आहे. पोरगा चिंचबागेचा आहे. त्याच सेमीफायनलला कॉर्नरवरनं डोक्यानं गोल मारून आमच्या गॅलरीकडं बघत छाती बडवणारा तोच.

चिंचबागेच्या पोराला ह्यांचा नंबर? मी केरबा भावजींना फोनवर तेवढंच विचारलं. खरं कारण सांगितलं नाही. खरं कारण असं की, कपाटातली ती जर्सी दुसऱ्याच्या अंगात गेली की हे खरोखर गेले. आत्तापर्यंत तरी पाच नंबर मैदानात नाही म्हणजे ते कुठंतरी जरा बाहेर गेलेत, येतील, असं मला धरून चालता येतं.

उशीवर डोकं टेकते. भावजी येणार म्हणून अंगावर सुनेनं आणलेली नवी इरकल आहे, तिला सुरकुत्या पडतील म्हणून पदर पोटाशी गोळा करून घेते. पंखा टकटक करतोय. टकटक करत करत त्याची हलगी होते.

"झोपलीस व्हय गं?"

स्वयंपाकघरातून आवाज येतो. मी उठून जाते. हे ओट्याला टेकून उभे आहेत, हाताला लेथचं काळं तेल, अंगात पाच नंबर. पायात बूट आहेत आणि बुटांना ओली माती. फरशीवर माती पडलेली बघून मला पहिला रागच येतो.

"आताच पुसलीय ती फरशी."

"पुसशील परत," ते म्हणतात. "चल, मॅच सुरू व्हायची."

"आज कसली मॅच? हंगाम अजून कुठाय?"

"पुढचा हंगाम," ते म्हणतात, आणि कढीपत्त्याच्या डब्यामागून भांड्यांची मांडणी वर वर चढत जाते. आम्ही स्टेडियमच्या गॅलरीत बसलेलो आहोत. पायऱ्या दगडाच्या आहेत, पण बसल्यावर आमच्या घरच्या चौरंगासारख्या लागतात. गॅलरीत दुसरं कुणी नाही. तरी आवाज भरलेल्या गॅलरीचा आहे.

मी त्यांच्याकडं बघते. वय कुठलं ते कळत नाही. कानाजवळचे केस पांढरे आहेत, पण पोटऱ्या खेळायचे तेव्हाच्या आहेत. त्यांना हात लावावा असं फार वाटतं. लावला तर काहीतरी होईल, म्हणून लावत नाही.

"कसा हाय यंदा डिफेन्स?" ते विचारतात.

हा प्रश्न मला जगात कुणीही विचारला तर मी तयार असते.

"यंदा नाद करायचा नाही कुणी," मी म्हणते. "गोलकीपरचं बोट बरं झालंय. परवा सरावाला बघितलं मी, वरचा बॉल असा धरतोय जणू पेरूच्या झाडाखाली उभा आहे. दोन बॅक सख्खे भाऊ. घरात बोलत नाहीत एकमेकांशी, वाटणीचं चाललंय. पण मैदानात नुसतं 'तुझा, माझा, सोड, मार'. एवढं बोलतात की समोरचा स्ट्रायकर गोंधळतो."

"वाटणी हंगाम संपेपर्यंत लांबवा म्हणावं."

"सांगितलोय मी त्यांच्या आईला."

हे हसतात. सून पुण्याची आहे, ती माझ्या पुरुषांसारख्या 'येतो-जातो'ला हसते. हे मात्र त्याला कधी हसले नाहीत, त्यांची आईही तसंच बोलायची. हे हसतात ते आईला मध्ये घातलं म्हणून.

"आनी मधी?" ते विचारतात. "मधी कोण?"

मी नजर वळवते. खाली मैदान आहे, पण मैदानाच्या मधोमध आमच्या अंगणातली कपडे वाळत घालायची दोरी आहे, आणि तीच गोलचा आडवा खांब. दोरीवर माझी जुनी लुगडी वाळतायत. मागं जाळ्याऐवजी आमच्या घराचं दार आहे, अर्धं उघडं.

"अहो, ते दार लावायला पाहिजे," मी म्हणते. "बॉल आत जाईल."

"दार लावून डिफेन्स होत न्हाई, शालन. मधी माणूस लागतो." ते वाकून मोजा वर ओढतात. मोजा लगेच खाली येतो. दुसरा ओढतात, तोही खाली. "पट्टी कुठाय माझी?"

ही आमची जुनी गोष्ट. तेव्हा मोज्यांचं इलॅस्टिक दोन मॅचमध्ये सैल व्हायचं. बाकीचे सुतळी बांधायचे. ह्यांना पट्टी लागायची ती घरातल्या इरकलीची, आणि तीही घरातल्या बाईनं स्वतःच्या हातानं फाडून दिलेली. आधी आईच्या पदराची, लग्नानंतर माझ्या. माझ्या किती साड्यांचे पदर त्या मैदानावर गेले असतील. माहेरच्या बायका विचारायच्या, तुझ्या सगळ्या पदरांना उंदीर लागतात की काय?

"मधी कोण, सांगितली न्हाईस," ते म्हणतात.

"हर्षल म्हणून आहे एक." मी पटकन बोलून टाकते. "चिंचबागेचा."

"छाती बडवणारा?"

"तुम्ही कुठं बघितलात? तुम्ही तर..."

"बघितलं की. चांगला उडतो." ते मैदानाकडं बघतायत. लुगड्यांच्या मधून कुणीतरी बॉल घेऊन येतंय, चेहरा दिसत नाही, पाय भराभर हलतायत. हे गॅलरीतूनच खाली उतरतात, पायऱ्या न मोजता, आणि दोरीखाली जाऊन उभे राहतात. येणारा डावीकडं झुकतो, उजवीकडं झुकतो. हे हलत नाहीत. मग एकच पाऊल टाकतात आणि बॉल त्यांच्या बुटाखाली असतो. तो माणूस लुगड्यात गुंडाळून दिसेनासा होतो. घराचं दार तसंच अर्धं उघडं आहे. आत देवघराचा दिवा दिसतोय.

मी गॅलरीत उभी राहून ओरडते. एकटीच. घसा कोरडा पडेपर्यंत ओरडते, आणि मला इतकं बरं वाटतं की रडू येतं.

"बघितलंस?" ते खालून विचारतात. "पोरगं पायाकडं बघतं. म्हनून फसतं कधी कधी. पाय खोटं बोलतात. कंबर बघायची. कंबर जिकडं, माणूस तिकडं. एवढं सांग त्याला."

"मी कशाला सांगू? मला नाही द्यायचा त्याला नंबर."

आता आम्ही तालमीत आहोत. लाल मातीचा वास आहे. मारुतीच्या पुढं नवीन जर्सी एकावर एक रचल्यात, वर हळदकुंकू. सगळ्या जर्सींना नंबर आहेत, एका जर्सीची पाठ कोरी आहे.

"का न्हाई द्यायचा?"

"चिंचबागेचा आहे तो."

हे माझ्याकडं वळून बघतात, आणि त्यांच्या चेहऱ्यावर तो भाव येतो जो पेनल्टी वाचवल्यावर गोलकीपरकडं बघताना यायचा.

"तू कुठली गं?"

मी रचलेल्या जर्सी उगाच सारख्या करते.

"तुझा बा चिंचबागेच्या गॅलरीत बसून मला शिव्या घालायचा. लग्नाच्या दिवशीबी म्हणाला, पोरगी दिली, मॅच देणार न्हाई. आठवतंय का? तू आलीस, उंबरेश्वरची झालीस. आता तुझ्याएवढं ओरडणारं दुसरं हाय का पेठेत? मग त्यो पोरगा का हुणार न्हाई आपला?"

"तसं नाही हो." आता खरं सांगितल्याशिवाय गत्यंतर नाही. "तो घातला त्यानं, की तुम्ही संपलात. मग मी मैदानात कुणाला बघू?"

हे मातीत बसतात, पाय पुढं करतात. दोन्ही मोजे घोट्यापर्यंत उतरलेले. मला वाटतं हे आता काहीतरी मोठं बोलतील. पण मोठं बोलायची सवय त्यांना कधीच नव्हती.

"स्टॉपर आपल्या मागं बघत न्हाई," ते म्हणतात. "पुढं बघतो. मागं कोन हाय ते त्याला ठाऊक असतंय. मी मागं हाय असं समज. तू पुढची मॅच बघ."

"मागं म्हणजे कुठं?"

"हितंच की. पट्टी दे आता."

"ही नवी इरकल आहे. सुनेनं आणलीय. काय म्हणेल ती?"

"म्हनंल, सासूला उंदीर लागले."

मी हसते आणि पदराचं टोक दातात धरून चर्रकन फाडते. लाल पट्टी हातात येते. इरकलीचं सूत फाटतानाचा तो आवाज माझ्या ओळखीचा आहे, पण किती वर्षांनी ऐकतेय. मी गुडघ्यावर बसून त्यांच्या डाव्या पायाला बांधायला घेते. आणि आता मात्र हात लागतो. पोटरी गरम आहे, सरावाहून आल्यावर असायची तशी. काही होत नाही. ते तिथंच असतात. मी गाठ मारते, वरून एक फेरा, मग आतून, त्यांना हवी तशी.

दुसरी पट्टी फाडते. ते पाय मागं घेतात.

"ती त्याला."

"मग तुमचा उजवा पाय?"

"येऊ दे मोजा खाली. आता कुठला रेफरी बघतोय मला." ते उठतात. एक मोजा गुडघ्यापर्यंत, एक घोट्याशी. तसेच लंगडल्यासारखे दिसत दाराकडं जातात. दार आमच्या घराचं आहे. "कंबर बघायची. सांग हं."

"अहो..."

शिट्टी होते. एक, दोन. मग शिट्टीची टकटक होते. पंखा नव्हे, दार.

"वहिनी? घरात हाय न्हवं? केरबा आलोय."

मी उठून बसते. खोलीत उन्हं तिरपी झालीयत. घसा कोरडा आहे, खरोखर ओरडल्यासारखा. उजवी मूठ घट्ट मिटलेली आहे, ती उघडायला मला डाव्या हाताची मदत घ्यावी लागते. मुठीत लाल पट्टी आहे, इरकलीची, दोन्ही कडांना सुतं लोंबतायत.

पदर पुढं घेऊन बघते. टोकाकडून दोन पट्ट्या फाटलेल्या आहेत. दोन्हींची जागा शेजारी शेजारी स्पष्ट दिसते. मी उशी उचलते, चादर झटकते, खाटेखाली वाकून बघते. दुसरी पट्टी कुठंच नाही. मग मी शोधायचं थांबवते.

कपाटातली पाच नंबरची जर्सी काढते. तिच्यावर पट्टी ठेवते आणि दार उघडते. केरबा भावजी चपला काढत म्हणतात, "वहिनी, मी काय म्हणतो, तुमचं मन नसेल तर आपण हर्षलला दुसरा कुठला तरी..."

"पाचच द्या," मी म्हणते. "उद्या पूजेला मी स्वतः येतो, माझ्या हातानं देतो. आणि त्याला सांगायचं, पायाकडं बघायचं नाही. कंबर बघायची."

भावजी बघतच राहतात. "हे हिंदुराव दादा म्हणायचे."

"म्हणतात."

ते जर्सी हातात घेतात, वरची पट्टी उचलून उलटसुलट करतात. ते ह्यांच्याबरोबर खेळलेले आहेत, पट्टी कशाची हे त्यांना सांगावं लागत नाही. त्यांचे डोळे भरून येतात, पण सेक्रेटरी माणूस, लगेच हिशेबावर येतो.

"पण वहिनी, एकच हाय. पाय दोन असतात की. दुसरी कुठाय?"

"दुसरी ज्याची त्याला बांधली," मी म्हणते. "तुम्ही बसा, चहा टाकतो. यंदा डिफेन्सची काळजी करू नका."

स्वयंपाकघरात जाते. ओट्याजवळ, सकाळी पुसलेल्या फरशीवर, काही नाही. तरी मी तिथं पाय न ठेवता, जरा बाजूनं जाऊन गॅस पेटवते.