शनी मोजणारे काका

चहा संपला की काका बशी उचलायचे आणि टेबलावर उमटलेल्या ओल्या गोलाकडे बघत बसायचे. काकू फडकं घेऊन येईपर्यंत जेवढा वेळ मिळेल तेवढा त्यांना पुरायचा. गोलावर बोटाने बारा टिंबं द्यायची, त्यातल्या एकावर नख टेकवायचं आणि सांगायचं, "हा बघ, शनी आता इथं आलाय."

"काका, तुम्ही मानता हे?" नवा माणूस हमखास विचारायचा. मीही विचारलं होतं.

"मानत नाही. मोजतो."

शनी एका राशीत साधारण अडीच वर्षं राहतो आणि बारा राशींची फेरी पुरी करायला तीस वर्षं घेतो. आपल्या मागच्या राशीत, आपल्या राशीत आणि पुढच्या राशीत तो असतो ती साडेसात वर्षं म्हणजे साडेसाती. एवढं ज्योतिष आपल्याकडे न शिकताच येतं. काकांना त्यापुढचं फारसं येत नव्हतं. कंपनीत त्यांच्या शेजारच्या लेथवर पंचांग बघणारा एक कामगार होता. वर्षानुवर्षं एकाच शिफ्टला उभं राहून काकांनी त्याच्याकडून शनीची चाल तेवढी उचलली. बाकीच्या ग्रहांबद्दल म्हणायचे, "फार पळतात. आपल्याला जमत नाही."

पिंपळे गुरवला काकांचं दोन मजली घर होतं. खाली ते आणि काकू, वर आम्ही भाडेकरू पोरं. घर आता पुनर्बांधणीला गेलंय आणि काका-काकू लेकीकडे बंगळूरला असतात. पण त्या भागातल्या जुन्या माणसाला "शनीवाले काका" विचारलं तर तो अजूनही त्या गल्लीकडे हात करेल.

मी बीड जिल्ह्यातून आलो. घरात पहिला पदवीधर. तालुक्याच्या कॉलेजची बी.एस्सी. हातात होती आणि चाकणच्या एका कंपनीत तयार भाग तपासायचं ठेक्यावरचं काम मिळालं होतं. काका मला पहिल्या दिवसापासून 'इंजिनियर' म्हणायचे.

"काका, मी बी.एस्सी. आहे."

"असू दे. चाकणला कामाला गेला की सगळे इंजिनियरच."

आता त्या ओल्या गोलाबद्दल. मीन राशीच्या टिंबावर ते तीनदा बोट टेकवायचे. पहिल्यांदा वडिलांसाठी. शनी मीनेत होता तेव्हा वडील सोलापूरकडून इकडे आले. काका तेव्हा शाळकरी पोर. सगळीकडे बाभळी आणि मोकळा माळ. वडिलांनी एका कारखान्याचा पाया खणला आणि मग त्याच कारखान्यात हेल्पर म्हणून लागले. दुसऱ्यांदा स्वतःसाठी. शनी फिरून मीनेत आला, तोवर काका त्याच कारखान्यात टर्नर होते. कंपनीने सांगितलं, पैसे घ्या आणि घरी बसा. शेजारपाजारची माणसं कुजबुजली, साडेसाती. काकांनी मिळालेल्या पैशांतून वरचा मजला चढवला, काकूंनी पोरांसाठी खाणावळ सुरू केली आणि काका चाकणला कामाला जायला लागले. तोवर चाकण म्हणजे कांद्याचा बाजार एवढंच लोकांना माहीत होतं.

"आणि तिसऱ्यांदा?"

"तिसऱ्यांदा तुम्ही पोरं. आता आलाय तो मीनेत. बघू काय करतो. शनी आला की इथलं काम बदलतं. शिफ्ट बदलल्यासारखं. भोंगा वाजला की मशीन सोडायचं, पण म्हणून गेटाबाहेर पळत सुटायचं नाही."

मी विज्ञानाचा विद्यार्थी. शंका काढणं माझं कर्तव्य होतं. "पण काका, तुमच्या कंपनीतला तो लांबलेला संप? तेव्हा शनी भलतीकडेच होता."

"वक्री होता."

"आणि लॉकडाऊन?"

"तेव्हा मकरेत होता. स्वतःच्या घरात. म्हणून तर सगळ्यांना घरात बसवलं."

काकू आतून म्हणायच्या, "आमटी खारट झाली की मीही सांगणार आता, शनी वक्री होता." आणि फडकं मारून सबंध राशिचक्र पुसून टाकायच्या.

साडेसातीची धास्ती घेतलेली माणसं काकांकडे यायची. एकदा वरच्या मजल्यावरचा एक पोरगा नीलमाची अंगठी घालून आला. कुणीतरी त्याला सांगितलं होतं, शनीला चालते. काकांनी त्याचा हात हातात घेतला. त्याला वाटलं रेषा बघतात. काका म्हणाले, "लेथवर आहेस ना? मग काढ ही. अंगठी घालून मशीनवर गेलास तर साडेसाती राहील आणि बोट जाईल."

आणखी एक त्यांचं नेहमीचं होतं. "लोखंड कुणाचं? शनीचं. तेल? शनीचं. काळा रंग, राबणारी माणसं? तीही त्याचीच. मग भोसरीपासून चाकणपर्यंतचा सगळा पट्टा त्याच्याच मालकीचा. घरमालकाला भाडेकरूनं इतकं घाबरून कसं चालेल?" हे ते भाड्याच्या तारखेलाच सांगायचे आणि स्वतःच हसायचे.

गेल्या वर्षी आमच्या लाइनवर तपासणीची यंत्रं बसली. ठेका संपला. आमच्या बॅचला "कळवू" म्हणून सांगितलं. काकांनी भोसरीतल्या त्यांच्या ओळखीच्या वर्कशॉपमध्ये माझ्यासाठी शब्द टाकला. नवी मोजणी यंत्रं चालवायला तिथे शिकवणार होते. पगार कमी, पण काम हाताला येणार होतं. मला ते हवं होतं.

आणि शनिवारी सकाळी आई दारात उभी. रात्रभर एसटीत बसून आलेली. एका हातात पिशवी, दुसऱ्या हातात तेलाची बाटली.

"बॅग भर," ती म्हणाली. "सांजच्या गाडीनं निघायचं. साडेसाती लागलीय तुला. बुवानं मोबाइलवर बघून सांगितलं. काम गेलं ना? तिथून सुरू झालं बग. मामाच्या खताच्या दुकानात जागा हाय."

आईपुढे मला कधी बोलता आलेलं नाही. ऊस तोडून तिनं मला शिकवलं. मी कॉटखालची बॅग ओढली आणि कपडे भरायला लागलो. खाली काकूंना सांगितलं, आज रात्रीपासून माझं जेवण धरू नका. काकूंनी नुसती मान हलवली. काका म्हणाले, "ताईंना चहाला तरी आण."

आई खाली आली. भिंतीवर बुद्धाची तसबीर होती, तिच्याकडे तिनं एकदा बघितलं. गावातली आमची माणसं कुणाच्या घरी काय घेतात आणि काय घेत नाहीत हे मला ठाऊक होतं. आईनं चहा बशीत ओतला आणि फुंकर मारून प्यायली.

"ताई, पोराला नेताय?" काका म्हणाले.

"न्यावंच लागंल भाऊ. वाईट दिवस आलेत तर लेकरू आपल्या मानसांत असलेलं बरं. गावात चार जन हायेत."

काकांनी आपली बशी बाजूला सारली. मग म्हणाले, "माझ्या बापाला गावानं विहिरीवर पाय ठेवू दिला नव्हता. इथं आला तेव्हाही लोक म्हणत होते, शनी वाईट आहे, घर सोडू नको. कामाच्या पहिल्या दिवशी तो नळाला तोंड लावून पाणी पीत होता. मागं एक जण तहानलेला उभा. तो एवढंच म्हणाला, 'आवर की राव, किती पितो!' बाप मरेपर्यंत हे सांगायचा. म्हणायचा, मला जन्मात एवढं गोड कुणी बोललं नाही."

आईनं बशी खाली ठेवली. "आमी बी हौदाचं पानी घेतलं म्हनून मालकाच्या शिव्या खाल्ल्यात, भाऊ," ती म्हणाली. मग, "पर साडेसाती ती साडेसाती."

"ते आहेच," काकांनी लगेच मान्य केलं. "रास कोणती निघाली?"

"मेष."

"कशावरनं काढली?"

"बुवाच्या मोबाइलात जन्मतारीख टाकली की," मी म्हणालो. "बहिणीनं आधार कार्डवरची वाचून दाखवली. एक जून."

काकांनी खुर्ची पुढे ओढली. "एक जून? अरे, मीही एक जूनच! आमच्या कंपनीत निम्मी माणसं एक जूनची. त्या दिवशी कँटीनमध्ये पेढे पुरायचे नाहीत."

तुमच्यापैकी जे माझ्यासारखे असतील त्यांना हे समजावून सांगायला नको. शाळेत नाव घालायला नेलं की गुरुजी जन्मतारीख विचारायचे. आईबापांना सांगता यायची नाही. मग गुरुजी वय पुरं पडेल अशी तारीख स्वतःच टाकायचे. एक जून. मी त्या गुरुजींचा आजही ऋणी आहे. त्यांनी तारखेवाचून मला परत पाठवलं असतं तर मी उसाच्या फडावरच राहिलो असतो.

पण आई शाळेच्या कागदावरचं कधी वाचू शकली नव्हती. ती माझ्याकडे बघत राहिली.

"जून? जूनमधी कोन झालं? तू थंडीत झालास. फडात. पाचट पेटवून शेकत बसलो होतो रातभर."

"महिना कुठला, ताई?"

"आता महिना कोन बगतंय भाऊ? कारखाना चालू होता."

काकांचा चेहरा खुलला. "बरं, नावावरून काढू. नाव काय ठेवलं?"

"घरी पप्पू म्हनतो. शाळंत गुरुजींनी महादेव लावलं."

"पप्पू म्हणजे कन्या. महादेव म्हणजे सिंह. आणि कागदावर मेष." काकांनी तीन बोटं वर केली. "ताई, एका पोराच्या तीन राशी! शनी बिचारा चालतो हळू. तो ह्याला कुठल्या दारात गाठणार?"

काकू आधी हसल्या. मग आई. तोंडाला पदर लावून, खांदे हलवत. अशी हसताना मी तिला फार थोड्या वेळा बघितलं आहे. हसून झाल्यावर तिनं डोळे पुसले आणि विचारलं, "तुमी ज्या कामाचं बोलला म्हनं, ते कसलं?"

"मोजायचं. लोखंड मोजायचं."

"टिकंल?"

"ते मला सांगता येणार नाही, ताई. माझं टिकलं नव्हतं. पण हातात काम होतं म्हणून दुसरं मिळालं."

आईनं तेलाची बाटली उचलली. "आनलंच हाय तर वतून येऊ."

काकांनी स्कूटर काढली. काकांची स्कूटर कुणीही चालत मागे टाकावी अशी चालायची. आई मागे बसली, बाटली सरळ धरून. मी अक्षरशः बाजूने चालत गेलो. शनिवार असल्यामुळे शनीच्या देवळाची रांग रस्त्यापर्यंत आली होती. ऊस तोडून आईचे गुडघे गेलेले. काकांनी तिला पाराच्या सावलीत बसवलं आणि स्वतः रांगेत उभे राहिले. ज्या माणसाने धम्माची दीक्षा घेतल्यापासून कुठल्या देवापुढे हात जोडले नव्हते, तो तेलाची बाटली घेऊन, मध्ये घुसणाऱ्यांना "भावा, मागनं ये" असं दटावत, उन्हात पुढे सरकत होता.

गाभाऱ्याच्या पायरीशी आल्यावर त्यांनी आईला हाक मारली. बाटली तिच्या हातात दिली आणि बाजूला झाले. "ताई, माझी हद्द इथपर्यंत. चपला मी धरतो."

आईनं तेल ओतलं. पुजाऱ्याने विचारलं, "रास?"

"तीन हायेत," आई म्हणाली.

"तिघांच्या नावानं?"

"न्हाई. एकाच लेकराच्या."

पुजाऱ्याने वर बघितलं. पायरीखाली काका आईच्या चपला हातात घेऊन पोट धरून हसत होते.

संध्याकाळी आम्ही तिला वल्लभनगरच्या स्टँडवर सोडायला गेलो. तिनं एकच तिकीट काढायला सांगितलं. गाडी हलताना खिडकीतून काकांना म्हणाली, "भाऊ, ह्याला उपाशी झोपू देऊ नका."

"ते खातं काकूंचं, ताई," काका म्हणाले. "माझ्याकडे फक्त शनी."

परत आल्यावर मी बॅग उघडली आणि कपडे एकेक करून खुंटीला लावले. जिन्यातून खालचं बोलणं ऐकू येत होतं. काकू कणीक मळत होत्या आणि काका त्यांना सांगत होते, "पोराला जेवायला धर बरं का. आजही, उद्याही. तो आहे."