चेंबरखालचा पत्रा

ते प्रकरण अजून डोक्यातून जात नाही. ऐंशीच्या दशकात मी मुलुंडला फौजदार होतो. शिपायाचा फौजदार झालेला, शाळा सातवीपर्यंत. तेव्हा लिहितो ते सरळच.

सकाळच्या हजेरीलाच चहावाल्याने खबर आणली. "साहेब, तो गॅरेजचा फिटर काल पिऊन बडबडत होता. म्हणे, उद्या त्या खाणीवरच्या ड्रायव्हरचा चेंबर फोडतो."

फिटर आणि ड्रायव्हर एकाच चाळीतले, जिवलग दोस्त. आम्हाला चेंबर ठाऊक तो गटाराचा. गटारावरून चाळीत भांडणं रोजचीच. मी एक हवालदार तिथे उभा केला. नाकाला रुमाल लावून तो दुपारपर्यंत गटार राखत बसला.

तिकडे डोंगरात, दगडखाणीच्या वाटेवर, जीपचा ऑइलचा चेंबर फुटला. ऑइल सांडलं, इंजिन जाम झालं, जीप उतारावर कलंडली. ड्रायव्हरचा पाय खाली चिरडला.

पंचनाम्याला त्याची बायको आली. "चेंबरला दगड लागू नये म्हणून खाली जाड पत्रा होता, साहेब. रोज वाकून बघते मी. आज पण होता."

आता पत्रा नव्हता. घर ते खाण, मध्ये जीप एकाच जागी थांबली होती. गॅरेजात, चहाला.

फिटरला आणलं. तासभर "मला काय माहीत" चाललं. शेवटी मी म्हटलं, "जाऊ दे. काम कच्चं होतं, दगडाने उडाला पत्रा."

तो उसळला. "कच्चं? मी बसवला होता! बोल्ट खोलल्याशिवाय कुणाच्या बापाला हलणार नाही!"

"मग खोलला कोणी?"

मान खाली. "मीच."

"का रे? दोस्त ना तुझा?"

"ती रोज चिखलात वाकते, साहेब. पत्रा घट्ट आहे ना, हळू चालवा, म्हणते. मी रोज गाड्यांखाली झोपतो. जॅक सटकला तर? मला कोण विचारतं? एक दिवस त्याची गाडी बंद पडावी, एवढंच वाटलं. पाय नव्हता घ्यायचा."

जबाब झाला, अटक केली. ड्रायव्हरचा पाय कापावा लागला.

पोलीस जमीन शोधतो, पैसा शोधतो, लफडं शोधतो. हेव्याला एवढं मोठं कारण लागत नाही, हे मी त्या दिवशी शिकलो. पण कळलं आत्ता. गेल्या वर्षी आमची ही गेली. समोरच्या बिऱ्हाडातली बाई नवऱ्याला जिन्यावरून ओरडते, "अहो, गोळी घेतली का?" तो वैतागतो, "घेतली गं बाई!"

मी दार लावून घेतो.