मातीतला डावा गाल

काकूंशी पहिल्यांदा बोलणाऱ्या माणसाला हमखास वाटे की आपल्या तोंडाला काहीतरी लागलंय. कारण काकू समोरच्याच्या डोळ्यांत बघतच नसत. त्यांची नजर जबड्याच्या कोपऱ्यावर असे, भुवईच्या शेपटावर असे, नाहीतर कानामागून निघून गळ्याच्या खळगीकडे उतरणाऱ्या त्या दोरासारख्या तिरक्या स्नायूवर. भाजीवाली तर एकदा तोंड पुसून पुसून थकली.

"गेलं का हो आता?"

"काय गेलं?"

"जे काय लागलंय ते!"

"अगं, काही नाही लागलेलं. तू उजवीकडे वळून काटा बघतेस ना, तेव्हा मानेची डावी बाजू ताठ होते. ते बघत होते. फार सुरेख होते."

भाजीवालीने दोन टोमॅटो जास्त घातले. कौतुकाने की भीतीने, ते काकूंना कधी कळलं नाही.

काकू ज्या कारखान्यात कामाला होत्या तिथे डॉक्टरीच्या कॉलेजांसाठी शरीराच्या प्रतिकृती बनत. लांबलचक खोली, दोन्ही बाजूंना टेबलं. एका टेबलावर हृदयं वाळत ठेवलेली, दुसऱ्यावर हात, पलीकडे मूत्रपिंडांची रांग. खिडकीजवळचं उजेडाचं टेबल काकूंचं; डोकं आणि मान हे त्यांचं खातं. नवे कामगार त्यांना काकू म्हणायला लागले, मग जुने म्हणायला लागले आणि शेवटी मालकही. मालक त्यांच्यापेक्षा वयाने चांगले मोठे होते, पण आता कोण सुधारणार!

काम असं चाले. लोखंडी दांडीवर प्लास्टरची कवटी बसवायची आणि तिच्यावर मातीने एकेक स्नायू चढवत जायचं, आधी तळातले, मग वरचे. असं अख्खं डोकं तयार झालं की त्याचा साचा घ्यायचा आणि साच्यातून प्रती काढायच्या. म्हणजे मूळ डोक्यात चूक राहिली तर ती गावोगावच्या वर्गांत जाऊन बसणार. म्हणून काकूंनी स्वतःला एक नियम घालून घेतला होता: जो स्नायू मातीत लावायचा, तो आधी आपल्या चेहऱ्यावर हलवायचा. टेबलावर एक छोटा आरसा असे. त्यात बघत, गालावर बोटं टेकून, स्नायू कुठून निघाला, कुठे संपला, कुठे फुगला हे बघायचं, आणि मगच कोरणी उचलायची.

एक नवी रंगारीण कामाला लागली, तेव्हा पहिल्याच दिवशी रडवेली होऊन मालकांकडे गेली. काकू सकाळपासून आपल्याकडे बघून दात विचकताहेत म्हणाली.

"तुझ्यावर नाही रागावल्या," मालक म्हणाले. "वरच्या ओठाचं काम चालू आहे."

त्याच रंगारिणीला काकूंनी नंतर जवळ बसवून शिकवलं. "बाकी शरीरातले स्नायू या हाडावरून त्या हाडावर जातात. चेहऱ्याचे तसे नाहीत. ते हाडावरून निघतात आणि कातडीत जाऊन संपतात. म्हणून तर आतलं वर दिसतं. गुडघ्यावर कधी कोणाचा राग दिसलाय का?"

काकूंच्या यजमानांना आपण काका म्हणू. काका पोस्टात होते, पण ती नोकरी पोटापुरती. त्यांचा जीव ट्रम्पेटमध्ये. गावच्या बँडमध्ये पुढच्या रांगेत त्यांची खुर्ची होती आणि रविवारी संध्याकाळी बागेतल्या चौथऱ्यावर बँड वाजे. काकूंनी त्यांना पहिल्यांदा बघितलं ते तिथेच. बाकीच्यांचे गाल बेडकासारखे फुगत होते, या माणसाचे मात्र दातांना चिकटलेले. गालाच्या आत एक चपटा स्नायू असतो. घास दातांखाली लोटायचा आणि फुंकताना गाल आवरून धरायचा, ही त्याची कामं. तो कमावलेला असेल तर गाल फुगत नाहीत आणि सूर कापत नाही. काकूंना असा गाल पुन्हा कुठे दिसला नव्हता.

"माझ्या मुलाची नोकरी नाही बघितली, स्वभाव नाही बघितला," सासूबाई आल्यागेल्याला सांगत. "गाल बघून होकार दिला हिने!"

तो गाल एका सकाळी पडला. चूळ भरताना पाणी ओठाच्या डाव्या कोपऱ्यातून सदऱ्यावर सांडलं. काका आरशात बघून हाक मारायला गेले, तर हाकही वाकडी आली. काकू धावत आल्या. कपाळाला आठी घाला म्हणाल्या. उजवीकडे आठी पडली, डावीकडे कपाळ गुळगुळीत. डोळे मिटा म्हणाल्या. डावा अर्धवट उघडाच. मग त्यांनी जबड्याच्या दोन्ही कोपऱ्यांवर बोटं ठेवली. "दात आवळा." दोन्हीकडचा चावण्याचा स्नायू बोटाखाली टणक झाला. त्याची नस वेगळी, म्हणजे दुखणं चेहऱ्याच्या नसेपुरतं असावं, हे काकूंना ठाऊक होतं. तरीही पुढचं त्यांनी आपल्या मनाने ठरवलं नाही. रिक्षा बोलावली आणि काकांना तडक इस्पितळात नेलं.

डॉक्टरांनी नीट तपासलं. चेहऱ्याची नस सुजली आहे, बहुतेकांचं बरं होतं, पण वेळ लागतो म्हणाले. गोळ्या दिल्या, डोळ्यात घालायचे थेंब दिले, झोपताना पापणीवर चिकटपट्टी लावायला सांगितली. आणि व्यायाम, आरशासमोर बसून, हळूहळू, जोर न लावता.

बाकी सगळं काकांनी केलं. आरसा मात्र नको म्हणाले.

काकूंनी कारखान्यातला आपला छोटा आरसा घरी आणला. हातात मावतो, तेवढाच बघा, म्हणाल्या. काकांनी तो टेबलावर पालथा घातला आणि तो पालथाच राहिला. दाढी ते चाचपून करू लागले. जेवताना डाव्या गालात अडकलेला घास बोटाने सरकवत आणि बोलताना तोंडावर रुमाल धरत. एकदाच त्यांनी ट्रम्पेट ओठांना लावून बघितला. डाव्या कोपऱ्यातून नुसती वारा गेल्यासारखी हुस्स झाली. ट्रम्पेट पेटीत गेला, पेटी पलंगाखाली.

आठवडे गेले, मग महिने. एका संध्याकाळी काका म्हणाले, "रविवारी ट्रम्पेट बँडच्या खोलीवर नेऊन देतो. आहे बँडचाच. खुर्ची तरी किती दिवस अडवायची?"

"दे," सासूबाई म्हणाल्या. "आणि मग रविवारी संध्याकाळी काय वाजवणार? ताट?"

काका हसले नाहीत. ट्रम्पेट एकदा बँडच्या कपाटात गेला की हा माणूस तो पुन्हा मागायला जाणार नाही, हे काकूंना पक्कं माहीत होतं. पण बरं होईल असं कोणत्या तोंडाने सांगायचं? त्या रोज त्यांच्या पापणीवर पट्टी लावत होत्या, रोज तो चेहरा दिव्याखाली बघत होत्या, आणि रोज तो त्यांना कालच्यासारखाच वाटत होता.

त्याच आठवड्यात कॉलेजच्या प्राध्यापक बाई कारखान्यात आल्या. त्यांच्यासाठी काकू नवं मूळ डोकं घडवत होत्या, दोन्हीकडचे स्नायू उघडे दाखवणारं. बाईंनी दांडी फिरवून उजवी बाजू बघितली, मान बघितली. हनुवटीखालून गळ्यावर उतरणारा पातळ पडदा बघून म्हणाल्या, "वा, काकू! हा तर फुंकर मारली तर हलेल." मग डावी बाजू फिरवली, पुन्हा उजवी, पुन्हा डावी.

"काकू, हा डावा गाल कोणाचा?"

"कोणाचा म्हणजे?"

"उजवा पुस्तकातला आहे. डावा कोणातरी माणसाचा आहे."

काकू पुढे झाल्या. मालकही पुढे झाले. एकदा दिसल्यावर मग न दिसणं शक्य नव्हतं: डावीकडचा गालाचा आतला स्नायू लोंबत होता आणि ओठांभोवतीचं कडं त्या बाजूला सैल पडलेलं होतं. आरसा घरी पालथा पडलेला असताना काकू हाताच्या आठवणीवर काम करत राहिल्या होत्या, आणि हाताला आठवत होता तो रोज दिव्याखाली बघितलेला चेहरा.

"अरे देवा," मालक म्हणाले. "साचा घेतला असता तर?"

"सगळ्या कॉलेजांत एकाच दुखण्याचे पेशंट!" बाई हसल्या. पण लगेच वाकल्या आणि पेन्सिलीचं टोक गालाजवळ नेलं. "गंमत अशी आहे की हे जुळत नाही. आतला स्नायू मेल्यासारखा पडलाय. पण त्याच्यावरचा हा हसण्याचा पट्टा, गालाच्या हाडावरून ओठाच्या कोपऱ्याकडे येणारा, हा जिवंत आहे. कोपरा उचलून धरलाय याने. एकाच गालात दोन्ही कसं असेल?"

"बाई, पुन्हा सांगा. पट्टा कसा आहे?"

"ताठ. थोडासाच. पण ताठ आहे."

काकू स्टुलावर बसल्या. आतला स्नायू त्यांनी लावला होता काका आजारी पडले त्या सुमारास. हसण्याचा पट्टा सगळ्यांत वरचा, म्हणून सगळ्यांत शेवटी. तो लावला होता गेल्या आठवड्यात.

"मालक," त्या म्हणाल्या, "हे डोकं मी घरी नेऊ का?"

मालकांचा चेहरा बघण्यासारखा झाला. बाईच म्हणाल्या, "न्या. मी सोमवारी येते. तोवर डावी बाजू दुरुस्त होईल ना?"

"होईल."

ओल्या फडक्यात गुंडाळलेलं डोकं मांडीवर घेऊन काकू बसमध्ये बसल्या. फडकं सरकलं आणि कंडक्टर दोन पावलं मागे गेला. मग सावरून म्हणाला, "यांचं तिकीट काढलंत का?"

"मान आहे फक्त. अर्धंही पडणार नाही."

दार सासूबाईंनी उघडलं. "आता घरी पण आणायला लागलीस? एक वाकडं तोंड पुरे नव्हतं?"

काकूंनी डोकं टेबलावर काकांसमोर ठेवलं आणि फडकं काढलं. "अहो, जरा हात लावा. इथे, गालाच्या आतल्या बाजूला."

काकांनी बोट लावलं. "ढिला पडलाय."

"हे तुम्ही. आजारी पडलात तेव्हाचे. आता त्याच्यावर हा पट्टा बघा. हेही तुम्हीच, पण गेल्या आठवड्यातले."

काकांनी रुमाल खाली घेतला. पट्ट्यावरून बोट फिरवलं. मग म्हणाले, "तुला वाटतंय मी बरा व्हावा. ते हातात उतरलं. माती काय, तू सांगशील ते बोलेल."

"मलाही तोच संशय आहे," काकू म्हणाल्या. "म्हणून आरसा सरळ करायचाय."

"नको."

"अहो, मी चुकले असेन तर रविवारी पेटी मी स्वतः उचलून देईन."

काका हलले नाहीत. सासूबाईंना हे सहन होईना. त्यांनीच पालथा आरसा उचलला, पदराने खसखसून पुसला आणि मुलाच्या नाकासमोर धरला. "बघ एकदाचं! माझं तोंड या वयात मी रोज सकाळी बघते. माझी हिंमत बघ आणि तुझी बघ!"

काकांना हसू फुटलं. दाबायला गेले आणि जास्तच फुटलं. आरशात उजवा कोपरा वर गेला, आणि त्याच्या मागून, लंगडत का होईना, डावाही. पुरता नाही, पण वर गेला. काकांनी हसणं थांबवलं. मग मुद्दाम हसून बघितलं. कोपरा परत हलला.

"आई, आरसा हलवू नकोस."

"मी नाही हलवत. हात म्हातारा आहे, तो हलवतोय."

पुढचे दिवस घरात एकच आरसा आणि दोन गिऱ्हाइकं. काका त्यात बघून हळूच ओठ आवळत, सोडत. काकू त्यात आपला गाल बघून मातीचा डावा गाल काढून नव्याने लावत. "सरका जरा, माझा कोपरा दिसत नाही." "तूच सरक, मी पेशंट आहे." काढलेली माती बादलीत गेली; काकूंनी पुढे तिचाच कोणत्यातरी डोक्याचा कान केला. सोमवारी बाईंनी डोकं पास केलं. जाता जाता म्हणाल्या, "तो गाल ठेवायला हवा होता." काकू म्हणाल्या, "त्याचं काम झालं होतं."

आणि त्याच्या आदल्या दिवशी, रविवारी, काका बँडच्या खोलीवर गेले होते खरे, पण पेटी न घेता. खुर्ची दुसऱ्याला द्या, ट्रम्पेट सध्या माझ्याकडे राहू द्या, एवढं सांगून आले.

आतला स्नायू सगळ्यांत उशिरा जागा झाला. काकू जोर लावू देत नसत. आधी नुसती फुंकर, मग नुसता ट्रम्पेटचा ओठांना लावायचा तुकडा, मग एक खालचा सूर, तोही काकूंचं बोट गालावर ठेवून. गाल बोटाखाली फुगला की "बस", नाही फुगला तर "आणखी थोडा". शेजाऱ्यांना वाटे काका नव्याने शिकताहेत, आणि ते काही फारसं खोटं नव्हतं.

पुढे एका रविवारी बागेतल्या चौथऱ्यावर काका पुन्हा बसले, मागच्या रांगेत, शेवटच्या खुर्चीवर. वाट्याला खालचे सूर आले होते, वरचे अजून जमत नव्हते. हसले की तोंड किंचित वाकडं होई, ते तसंच राहिलं. काकू पुढच्या बाकावर सासूबाईंशेजारी बसल्या होत्या, पुढे वाकून, मान ताणून. टाळ्या पडल्या तेव्हा सासूबाईंना कोपराने ढोसून सांगावं लागलं की संपलं, टाळ्या वाजव.

घरी येताना काकांनी पेटी या हातातून त्या हातात घेतली. थोडं चालून झाल्यावर विचारलं, "कसं वाजलं?"

"काय माहीत," काकू म्हणाल्या. "मी गाल बघत होते."

"मग?"

"दाताला चिकटून होता."