तिरपा ठोका

साठी उलटल्यावर लेखणी हाती घेणाऱ्याने आधी क्षमा मागावी, हे बरे. मी आयुष्यभर इतरांचे निबंध तपासले. स्वतः चार ओळी लिहिण्याचे धाडस कधी केले नाही. पण आमच्या गंगापूर रोडवरील वाचनालयाने जुन्या नाशकातील कारागिरांच्या आठवणी ध्वनिमुद्रित करायचे ठरवले, आणि नाही म्हणता न आल्याने तांबटांची गल्ली माझ्या वाट्याला आली.

तेथील एका वृद्ध तांबटांकडे मी गेले, तेव्हा ते एका तांब्यावर मठार काढत होते. मठार म्हणजे घडवलेल्या भांड्यावर हातोडीने ओळीने उमटवलेले बारीक ठोके; त्यांनी भांडे कणखर होते आणि चमकतेही. आवाज स्वच्छ यावा म्हणून मी त्यांना हातोडी थांबवण्याची विनंती केली. ती थांबली, आणि त्यांचे बोलणेही थांबले.

"मॅडम, हातोडी घेऊ द्या त्यांना," त्यांची सून चहा गाळता गाळता हसली. "त्याशिवाय अण्णांचं तोंड उघडत नाही. आणि ओरडून विचारा. ठोकून ठोकून कान गेलेत त्यांचे."

वर्गातही कधी आवाज न चढवलेली मी, सगळे बळ एकवटून ओरडले, "अण्णा, तुमच्यानंतर हे काम कोण करणार?"

"आम्हाला काय विचारता!" माझा आवाज पोहोचलेल्या समोरच्या दुकानातून कोणीतरी म्हणाले.

अण्णा मात्र ठोके देत शांतपणे उत्तरले, "कोणी नाही. मुलगा सातपूरला कंपनीत जातो. हे माझ्यापाशी संपलं."

सुनेच्या हातातली गाळणी क्षणभर थबकली. मला दारापर्यंत सोडायला आली तेव्हा ती हळूच म्हणाली, "मॅडम, दुपारी अण्णा झोपले की मी बसते ठोकायला. वर्ष झालं. त्यांना ऐकू येत नाही म्हणून चालतंय. आमच्यात बायका भट्टीला वारा घालतात, भांडी घासतात. हातोडी नाही धरत. त्यांनी एकदा 'बस' म्हटलं ना, तर मी दिवसभर बसेन. पण सांगू नका हं."

मी कसली सांगणार? माझे स्वतःचेच बोलणे मला जमत नाही.

पुढच्या आठवड्यात गेले, तेव्हा अण्णांनी तोच तांब्या माझ्या हाती दिला. "बोट फिरवा. वरच्या ओळी माझ्या. आता खाली या."

खालचे ठोके बारीक होते आणि एका बाजूला कललेले.

"हे माझे नाहीत," ते म्हणाले. दारातली सून पांढरीफटक पडली. "कान गेले, बाई, बोटं शाबूत आहेत. प्रत्येकाचा ठोका निराळा असतो. ही डावखुरी. माझ्या जागेवर माझ्यासारखी बसते, म्हणून तिरपा पडतो."

"मग तिला सांगितलं का नाही?" मी ओरडले, या वेळी ओरडणे सोपे गेले.

"सासरा सुनेला काय सांगणार? म्हटलं, तुम्ही शिकवणाऱ्या आहात, तुम्ही सांगाल."

माझ्यासारखाच संकोची माणूस या गल्लीत वर्षभर बहिरेपणाच्या आडोशाला बसला होता, हे पाहून मला हसू आले. मी काही सांगण्यापूर्वीच त्यांनी आपले गोणपाट ओढून भिंतीकडे सरकवले आणि आपल्या डाव्या हाताला मोकळी झालेली जागा थोपटली.

सून पदर खोचून बसली. "अण्णा, आता झोपायचं नाही दुपारी," ती म्हणाली.

"काय म्हणते?" त्यांनी मला विचारले. ते ऐकू आले नव्हते, की सोयीने आले नव्हते, कोण जाणे.

त्या दिवसाच्या ध्वनिमुद्रणात दोन हातोड्या आहेत, एक जड आणि एक अडखळणारी. त्यांत शब्द जवळजवळ बुडाले आहेत. वाचनालयाने मला ते पुन्हा, शांततेत, करून आणायला सांगितले आहे. माझ्या जागी तुम्ही असता, तर त्या दोघांना हातोड्या थांबवायला सांगितले असते का?